बाविसावा कागद

कालव्यासाठी जुनं स्मशान हलवायचं ठरलं, तेव्हा दोंग साम गावात जिवंतांपेक्षा मेलेल्यांचीच धावपळ जास्त झाली. वर्षाचा शेवटचा महिना होता. आठ दिवस सूर्यानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि आभाळातून पीठ चाळावं तशी भुरभुर चाललेली. स्मशान म्हणजे भातखाचरांच्या मधोमध उचललेला एक उंचवटा, चहूबाजूंनी गुडघाभर पाणी. प्रत्येक घरानं आपापली माणसं उकरायची, हाडं धुवायची, भाजल्या मातीच्या नव्या पेटीत मांडायची आणि बांधापलीकडच्या नव्या जागेत नेऊन ठेवायची. मुदत पंधरा दिवसांची. त्यातले तेरा गेले होते.

थोआ म्हातारी ताडपत्रीखाली उकिडवी बसून सासूची हाडं धूत होती. सासूला पुरून, उकरून, पेटीत घालून चाळीस वर्षं झाली होती; पण जुन्या पेटीला तडे गेले, आत चिखल शिरला, तेव्हा सगळं पहिल्यापासून करणं आलं. पातेल्यात सुवासिक काड्या घालून उकळलेलं पाणी, वर तांदळाच्या दारूचा शिपका. थोआचं वय चौऱ्याहत्तर. बोटं थंडीनं आल्याच्या कुड्यांसारखी वाकडी झालेली, पण एकेक मणका ती अशी चोळत होती की जणू उद्या बाजारात मांडायचा आहे.

खड्ड्यात तिचा मुलगा थिएप फावड्यानं माती ओढत होता. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला माणूस.

"हळू! आजी आहे तुझी, रताळं नाही."

"हळूच करतोय, आई."

"तुझं हळू मला माहीत आहे. लग्नात ताटं मांडलीस तेव्हा पण हळूच मांडली होतीस. अकरा फुटली."

सून नू पातेल्याशी बसली होती, ती खाली मान घालून हसली. थोआनं तिच्याकडे न बघता म्हटलं, "हस, हस. तुझीच ताटं होती ती. माहेराहून आणलेली."

सासूची कवटी तिनं दोन्ही हातांत घेतली. एवढीशी झालेली. जिवंत असताना ही बाई दारातून वारा आत येऊ देत नव्हती; आता तिच्या डोळ्यांच्या खोबणीतून पाणी गळत होतं आणि ती काही म्हणत नव्हती. थोआनं कवटी पुसली, लाल कापडावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "झालं, आत्याबाई. नव्या घरात ओल नाही."

तेवढ्यात ल्युंग आला. गावच्या कचेरीतला जमिनीचा माणूस, पस्तिशीचा. पायात गमबूट, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्यानं ताडपत्रीच्या कडेला मांडलेल्या पेट्यांवर पेनाचं टोक टेकवत मोजलं.

"सहा."

"सात," थोआ म्हणाली.

सातवी पेटी सासूच्या पेटीला लागूनच होती. नवी कोरी, आत लाल कापड अंथरलेलं. कापडावर काही नव्हतं.

"आजी, रिकाम्या पेटीला जागा देता येत नाही. मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं. जागा मोजून आल्यात. एक तर हाडं दाखवा, नाहीतर कागद दाखवा."

"तुझा बाप माझ्या खाचरातली बदकं न्यायचा, तेव्हा कागद दाखवायचा होय रे?"

आजूबाजूच्या खड्ड्यांतून हसू उठलं. ल्युंगचे कान लाल झाले. पण वहीवरचा हात हलला नाही.

"दाक आजोबांचं नाव शहिदांच्या भिंतीवर नाही. सैन्याच्या यादीत नाही. पुरल्याची नोंद नाही. मी काय लिहू?"

हे खोटं नव्हतं. दाक म्हणजे थोआचा नवरा. थिएप पोटात पाच महिन्यांचा होता तेव्हा तो दक्षिणेकडच्या लढाईला गेला. लढाई संपली, गावातले वाचलेले परत आले, हा आला नाही. थिएपनं बापाचा माग काढायला काही बाकी ठेवलं नव्हतं. जिल्ह्याच्या कचेरीत गेला. प्रांताच्या कचेरीत सांगितलं की त्या वेळचं दप्तर बॉम्ब पडून जळालं. सैन्याच्या मोठ्या कचेरीत विचारलं, पथकाचा आकडा काय? आकडा त्याच्याकडे नव्हता. आकड्याशिवाय कपाट उघडत नाही म्हणाले. तीनदा दक्षिणेत जाऊन आला. तीन स्मशानं पाहिली. ओळीनं दगड, एकासारखा एक, आणि त्यांवर एकच ओळ कोरलेली: 'नाव माहीत नाही'. एकदा तर मृतांशी बोलणाऱ्या बाईनं डोळे मिटून रानातली जागा दाखवली, तिथं कमरेएवढं खणल्यावर म्हशीचा जबडा निघाला. त्या खेपेहून आल्यावर थिएप महिनाभर घरात कुणाशी धड बोलला नाही.

"उद्या दुपारी मशीन येणार," ल्युंग म्हणाला. मग त्याचाच आवाज जरा खाली आला. "आजी, एक करा. मृत्यूचा कागद घरात आलेला डोळ्यांनी पाहिलाय असे दोन साक्षीदार आणा. अंगठा देऊ देत. मी बघतो काय होतं ते."

थिएपनं फावडं चिखलात रोवलं. "आलाच नाही तो कागद, तर बघणार कोण? त्या कारकून खिएमनं हरवला. सगळ्या गावाला माहीत आहे."

आजूबाजूच्या माणसांनी उंचवट्याच्या पश्चिम टोकाकडे पाहिलं. तिथं खिएमच्या बायकोची कबर होती, अजून न उकरलेली. आणि आता थोआ म्हातारीच्या शिव्या सुरू होणार म्हणून सगळे थांबले. खिएमचं नाव निघालं की ती सुरू व्हायचीच. पन्नास वर्षांचा रिवाज होता.

थोआ सासूच्या पायाची बोटं एकेक करून कापडावर मांडत राहिली. मांडून झाल्यावर तिनं ती मोजली, आणि पुन्हा मोजली.

नूच्या ते ध्यानात आलं. "आई, थंडी वाजतेय का?"

"तुझं पाणी निवलंय. त्याच्याकडे बघ."

*

दुपारी थोआ एकटीच बांधावरून निघाली. डोक्यावर ताडपानांची टोपी, तोंडात पानाचा विडा. नूनं विचारलं कुठं, तर म्हणाली, "मरायला. येते संध्याकाळपर्यंत."

खिएमचं बदकांचं खोपट गावच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याकाठी होतं. त्या वाटेनं ती किती वर्षांत गेली नव्हती, ते तिलाच ठाऊक. तो तर तिच्या वाटेनं कधी येतच नव्हता. बाजारात ती दिसली की तो सायकल वळवायचा.

तो कागद आला होता. हे पृथ्वीवर दोघांनाच माहीत होतं.

थिएप तीन वर्षांचा असेल. लावणीचे दिवस. खिएम तेव्हा कचेरीत कारकून, तरणाताठा. मृत्यूचे कागद घरोघर नेऊन द्यायचं काम त्याच्याकडे. लोक त्याला लांबून पाहिलं की दारं लावून घ्यायचे. थोआ खाचरात गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी. त्यानं बांधावर उभं राहून कागद वाचला; 'पडला' या शब्दापुढचं तिच्या कानांत शिरलं नाही. तिला अक्षरं लावून लावून नाव तेवढं वाचता यायचं. कागद तिनं घडी करून कमरेला खोचला आणि सासूला सांगितलं नाही.

कारण सासू रोज रात्री दाकचं पान वाढायची. भाताचा वाडगा, त्यावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवलेल्या. जिवंत माणसाचं वाढतात तसं; मेलेल्याच्या भातात त्या उभ्या खोचतात. "येईल तेव्हा म्हणू नये, मला विसरलात." थोआ ते पान बघायची आणि आपला वाडगा बाजूला सारायची. मग दाक स्वप्नात यायला लागला. बांधावर उभा, कपडे ओले. "मला आत का घेत नाहीस?" म्हणायचा. तिला कळलं, याला ठाऊकच नाही की आपण मेलोय. मेलेल्याला जिवंताचं पान वाढलं तर त्याला कळणार कसं? ना इकडचा ना तिकडचा, फिरत राहणार.

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला बेवारशी आत्म्यांसाठी सगळं गाव पेज सांडतं, कागदाचे कपडे जाळतं. इथं जाळलेलं तिकडं पोचतं, हे तर शेंबडं पोरही जाणतं. थोआनं कागदाचा एक सदरा घेतला, त्याच्या खिशाच्या जागी तो मृत्यूचा कागद घातला आणि दोन्ही एकदम आगीत सोडलं. हा घे तुझा कागद. वाच आणि घरी ये.

त्यानंतर तो स्वप्नात आला नाही. पोचला, असं ती समजली.

लढाई संपल्यावर कचेरीनं भिंतीसाठी नावं मागवली. प्रत्येक घरानं कागद दाखवायचा. माणसं घरी आली तेव्हा सासू दारातच बसलेली, कान टवकारून. थोआ म्हणाली, "आमच्याकडे कागदबिगद काही आलेला नाही." खिएम म्हणाला, "मी स्वतः दिला." त्याची पोचवही पुराच्या पाण्यात गेलेली. सैनिकाच्या बायकोचं खरं धरायचं की कारकुनाचं? तरी त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा थोआ सलग तीन संध्याकाळी बांधावर उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, कोंबडी चोरणाऱ्याला देतात तशा शिव्या तिनं त्याच्या सात पिढ्यांना दिल्या. तिच्या जिभेची कीर्ती तिथूनच सुरू झाली. खिएमचं काम गेलं. त्यानं बदकं धरली.

पुढं सासू मेली. पण तोवर खोटं जुनं झालं होतं, आणि जुनं खोटं भिंतीतल्या विटेसारखं असतं. काढायला जावं तर भिंतच कोसळते.

*

खिएम ओट्यावर बसून बदकांसाठी गोगलगाई ठेचत होता. त्र्याऐंशी वर्षांचा, हात कापणारा. दहातले तीन घाव दगडावरच पडत होते. त्यानं वर पाहिलं आणि बत्ता थांबला.

"वाट चुकलीस?"

"चुकायला काय झालं? डोळे आहेत मला."

बदकं कलकलत होती. त्यानं बस म्हटलं नाही. ती उभीच राहिली. पानाची पिंक टाकायला जागा शोधली, आणि गिळली.

"भाऊ," ती म्हणाली. पन्नास वर्षांत तिनं त्याला या नावानं हाक मारली नव्हती. "त्या कागदावर काय होतं?"

खिएमनं बत्ता खाली ठेवला. 

"म्हणजे दिला होता मी," तो म्हणाला.

"दिला होतास."

"नक्की?"

"हे काय विचारणं? तुझ्या हातानं दिलास. मी चिखलात होते. निळा सदरा होता तुझ्या अंगात, कोपरावर फाटका."

"फाटका होता, हो." त्यानं स्वतःच्या कोपरावर बोट ठेवलं. "तू म्हणालीस परत वाच. मी परत वाचला. मग तू उरलेला वाफा लावून पुरा केलास, आणि मी बांधावर उभाच. मला आठवत होतं हे सगळं. पण तू तीन दिवस अशी ओरडलीस… मला वाटायला लागलं, दुसऱ्या कुणाचा असेल. मीच कुठं टाकला असेल. या घराचं छप्पर दोनदा उतरवलं मी. जमीन खणली. माझी बायको दिवा धरून उभी राहायची. मरताना पण म्हणाली, सापडला तर त्या बाईला नेऊन द्या."

थोआच्या तोंडात विडा नुसता होता. चावत नव्हती.

"मी जाळला," ती म्हणाली. "त्याला पाठवला."

 खिएमनं मान डोलावली, जशी कुणी भाव सांगितल्यावर डोलावतात. का पाठवला, ते त्यानं विचारलं नाही. त्याच गावचा होता तो.

"आता सांग. कुठं पुरलं म्हणून लिहिलं होतं? थिएप तीनदा जाऊन आला. मी तोंड उघडलं नाही. मला वाटायचं जागेचं नाव त्या कागदावर होतं आणि मी ते आगीत घातलं. पन्नास वर्षं भात गिळताना घासाघासाला तेच वाटायचं."

"नव्हतं."

"काय नव्हतं?"

"जागेचं नाव. बावीस कागद वाटले मी, तुझा शेवटचा. बाविसांवर एकच ओळ. 'दक्षिण आघाडीवर पडला. पथकाच्या जागेत पुरला आहे.' ना गाव, ना नदी, ना डोंगर. पथकाचा एक आकडा होता. होता एवढं आठवतं. तो आकडा आज कितीही खोदून विचारलास तरी आठवणार नाही."

ओढ्याचं पाणी काठाला लागत होतं. थोआ खाली बसली. ओट्यावर नाही, तिथंच, बदकांच्या घाणीत. एवढंच होतं होय त्यात. ज्या कागदासाठी तिनं पोराला म्हशीचा जबडा उकरू दिला, त्यात काही नव्हतं. आणि जो एक आकडा होता, तो तिनंच घालवला होता.

"उद्या अंगठा देशील?" तिनं विचारलं.

"देईन. पण मला काय सांगतेस? मला ठाऊकच होतं, निदान अर्धं. तिला सांग." त्यानं हनुवटीनं शेताकडे, उंचवट्याकडे दाखवलं. "पहाटे काढणार आहोत तिला. तिला छपराखाली दिवा धरायला लावला मी."

थोआ उठायला लागली, गुडघा सरळ होईना. खिएमनं हात पुढं केला नाही आणि तिनं मागितला नाही. खोपटामागच्या तुतीकडे तिची नजर गेली, तेव्हा तो म्हणाला, "पेटी रिकामीच आहे ना? कोयता तिथं खोचलाय. सरळ फांद्या घे. ज्याचं हाड मिळत नाही त्याला तुतीचं चालतं."

*

पहाटे उजाडता उजाडता खिएमच्या मुलांनी आईला वर काढलं. हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं; आज उन्हाचा प्रश्नच नव्हता, तरी रिवाज म्हणून ताडपत्री ताणली. थोआ आपल्या खड्ड्याकडून निघाली आणि मधल्या सगळ्या कबरी ओलांडत तिकडे गेली. हातात तिचं स्वतःचं पातेलं. माणसं फावडी टेकवून बघायला लागली. आता भांडण होणार, असं सगळ्यांना वाटलं. थिएप मागून धावला, "आई, आज नको, आज नको."

ती ताडपत्रीखाली वाकली. खिएमच्या थोरल्या मुलानं वाट अडवली, तर बापानं नुसतं "येऊ दे" म्हटलं.

थोआनं त्या बाईच्या उजव्या हाताची हाडं पाण्यात घेतली. दिवा उजव्याच हातात धरला असेल. चोळता चोळता ती बोलली, हळू नाही. बांधावर उभी राहून बोलायची तेवढ्याच आवाजात.

"बाई, तुझ्या नवऱ्यानं कागद आणून दिला होता. माझ्या हातात दिला. हरवला नाही. मी जाळला. तो खोटं बोलला नाही, मी बोलले. त्याला दिलेल्या शिव्या माझ्या. घरी घेऊन जाते."

भुरभुर ताडपत्रीवर वाजत होती. कुणीतरी खोकलं. थिएप दोन कबरींच्या मध्ये उभा होता. त्याच्या हातातलं फावडं हळूहळू तिरपं होत चिखलात पडलं. ते उचलायला तो वाकला नाही. आईकडे न बघता तो आपल्या खड्ड्याकडे परत गेला आणि पाठ करून बसला.

थोआ आली तेव्हा नूनं सातवी पेटी पुढं ओढली होती. तुतीच्या सोललेल्या फांद्या, पांढऱ्या, ओल्या. लांब त्या मांडीच्या, आखूड त्या हाताच्या. बरगड्यांसाठी कोवळ्या वाकवलेल्या. थोआनं त्याही धुतल्या, पुसल्या, पायापासून वर मांडत नेल्या. डोक्याच्या जागी तिनं बदकाच्या अंड्याएवढा मातीचा गोळा ठेवला. मग तो लहान वाटला म्हणून मोठा केला.

"त्याचं डोकं मोठं होतं," ती थिएपच्या पाठीला म्हणाली. "तुझ्यासारखं. टोपी मिळायची नाही."

 ती पाठ म्हणाली, "मी तीनदा गेलो, आई."

"गेलास."



ल्युंग आला. त्यानं दोघांचे अंगठे घेतले, आधी खिएमचा, मग थोआचा. पेटीचं झाकण उचललं, आत पाहिलं, परत ठेवलं.

"सात," त्यानं वहीत लिहिलं. "जागा देतो, आजी. एवढं माझ्या हातात आहे. पण दगडावर नाव कोरता येणार नाही. मूळ कागद नाही. नियमानं 'नाव माहीत नाही' असं कोरावं लागेल."

थिएपनं मान वळवून पाहिलं. सगळेच बघत होते. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आईशेजारी, आणि नाव माहीत नाही. आता तरी म्हातारी फुटेल, ल्युंगच्या सात पिढ्या काढेल, असं वाटून ल्युंग एक पाऊल मागं सरला.

थोआ उंचवट्यावरून खाली उतरली. खालच्या खाचरात लावणीसाठी पाणी भरलेलं होतं. त्यात ती उतरली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. थंडीनं तिचे दात वाजत होते. बांधावर खिएम उभा होता.

"भाऊ," ती म्हणाली, "त्याचं नाव तरी नीट लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं. दोनदा वाचलं मी."

"मग तिसऱ्यांदा वाच."

खिएमला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं टोपी काढली. दोन्ही हात पुढं केले, कागद धरतात तसे, आणि रिकाम्या तळव्यांकडे बघत कारकुनाच्या जुन्या, खणखणीत आवाजात वाचू लागला.

"कळवण्यात येतं की, दाक, गाव दोंग साम, सैनिक, पथक क्रमांक…"

तो थांबला. ओठ हलत राहिले. उंचवट्यावर कुणी फावडं उचललं नाही. दूर रस्त्यावर मशीनचा आवाज सुरू झाला होता. खिएमनं डोळे मिटले, उघडले, तळवे जवळ आणले. आकडा येत नव्हता.

"असू दे," थोआ म्हणाली. "पुढं वाच."

"…लढता लढता दक्षिण आघाडीवर पडला. पथकाच्या जागेत पुरला आहे. कुटुंबानं या दुःखाची ताकद करावी."

ऐकून झाल्यावर ती थोडा वेळ तशीच पाण्यात उभी राहिली. मग तिनं वर हात केला. थिएप खाली उतरून आला होता. त्यानं तिचा हात धरून तिला बांधावर ओढलं.

"पेट्या उचला," थोआ म्हणाली. "आधी माझ्या सासूची. मग त्याची."